बाथरूमच्या दाराला टांगलेलं लाटणं

नाशिक, मंगळवार, संध्याकाळ

डोकं नुसतं भणभणतंय. आज दिवसभर गंगापूर रोडच्या बंगल्यात वायरिंगच्या कामावर बाथरूमच्या दिव्यांची बटणं आतून काढून दाराबाहेर घेतली. आणि येवल्यात आमच्याच घरी? दादानं नवीन टाईल्स बसवल्या आणि बटण नेलं आत, नळाच्या शेजारी! आई व्हिडिओ कॉलवर कौतुकानं दाखवत होती. दाराला लाटणं टांगलेलं दिसलं.

"हे काय गं?"

"बटणाला हात लावला की झिणझिण्या येतात. दादा म्हणला, लाटण्यानं दाबत जा." वर हसली.

लाटणं! तेही ओल्या हातात!

दादाला फोन द्यायला लावला, तर म्हणतो, "लय शहाणा झाला नाशकात जाऊन? एवढं कळतं तर येऊन कर." शिव्याच घातल्या त्याला. थोरला आहे, तरी घातल्या.

मग आईला कॉलवर माझ्यासमोर मेन स्विच बंद करायला लावला.

"अरे, सगळ्या घरात अंधार झाला की!"

"असू दे. मी येईपर्यंत हात लावायचा नाय."

शेठ सुट्टी देवो न देवो. टेस्टर, पक्कड पिशवीत टाकलेत. पहाटेच्या एसटीनं निघतो. आधी ते लाटणं चुलीत घालणार.