दोरीवरचे अकरा रुमाल

शनिवार, ७ जून
माझं आयुष्य आज दुपारी सव्वातीनला पालटलं — आमच्या वेरिबी उपनगराच्या हॉलमध्ये, शिलाई मशीनपाशी! ईशानी म्हणाली, "हे बंद पडलंय. बघतोस?" पाच मिनिटांत चालू केलं. तिने हात पुसायला टिश्यू दिला. अजून खिशात आहे!
ती मिडवाइफ. मलावीतल्या एका खेड्यातल्या मुलींसाठी कापडी पॅड्स शिवून घेतेय. पाळी आली की त्या शाळा बुडवतात. ऑक्टोबरमध्ये ती स्वतः तिकडे जाणार. मीही शिवायला बसलो. मुलींसाठी? छे! तिच्यासाठी.

रविवार, ८ जून
बाबा : "युनिव्हर्सिटी अर्धवट सोडलीस, आता बायकांच्या घड्या शिव! ती पोरगी गेली की हेही सोडशील."
दार आपटून निघालो.

शनिवार, २१ जून
मलावीतल्या त्या खेड्याच्या नर्स तमांडा व्हिडिओवर आल्या. माझी पांढरीशुभ्र पॅड्स बघून हसल्याच. "ही बाहेर वाळत कोण घालणार? मुली लाजून गादीखाली वाळवतात. ओलीच वापरतात. मग इन्फेक्शन. आणि ते मला सांगायलाही लाजतात!"
काय अक्कल माझी!

सोमवार, २३ जून
आईला सांगितलं. पोळी लाटता लाटता म्हणाली, "आम्ही दोरीवर परकराखाली वाळवायचो. कुणी विचारलंच तर — कावळा शिवला."
कावळा पुरे झाला. आता मी शिवतो!

रविवार, २९ जून
जमलं!! घडी घातली की पॅड. उलगडलं की फुलाफुलांचा चौकोनी रुमाल. भर उन्हात दोरीवर टाका, कुणाला कळणार नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट
तमांडांनी फोटो पाठवला. दोरीवर आम्ही पाठवलेले अकरा रुमाल. उन्हात! "मुली विचारतात, शिवणारी कोण? म्हटलं, शिवणारा."
दहा वेळा वाचलं.
तिकडच्या बायकांना आता स्वतः शिवायचंय. चार मशिनं आहेत, चारही बंद. "कुणी येईल का दुरुस्त करायला?" माझा हात आधीच वर. ईशानीबरोबर मलावी!

मंगळवार, १६ सप्टेंबर
ईशानी येत नाहीये. कुणा यतिनशी लग्न ठरलं तिचं. आणि मला विचारते, "तुझं तिकीट कॅन्सल करू?"
"का? मशिनं लग्नाला येणार आहेत?"
टिश्यू फेकला.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
बॅगेत बाबांचा स्क्रू-ड्रायव्हरचा सेट. मी ठेवलेला नाही. बाबा फोनमध्ये डोकं घालून बसलेत.
टॅक्सी आली. वही मिटतो. दार आज आपटायचं नाही — हलकेच ओढून घ्यायचं.