सायलीच्या बाबांचा पार्टनर

४ जाने., रवि.
टेनिस स्पर्धेचा नियम: डबल्सच्या जोडीचं वय मिळून ऐंशीच्या वर पाहिजे. म्हणून सगळ्या काकालोकांत मला भाव. मी बावीस, कदमकाका एकसष्ट. अठ्ठावन्नला रिटायर झाल्यावर रॅकेट धरलेली, गुडघ्याला पट्टा. पार्टनर म्हणून मीच मागून घेतले. ठाकुर्लीहून पार ठाण्यात, बाळकुमला त्यांच्या सोसायटीत बाइक हाणतो ती काय त्यांच्या बॅकहँडसाठी? सायलीचे बाबा आहेत. आमच्याबद्दल त्यांना काहीच माहीत नाही.
काका : "तू पळ रे. मी नेटवर उभा राहतो. उभं राहणं जमतं मला."

७ जाने.
सा. (सायली) हैदराबादला जाऊन वर्ष झालं. त्याआधी आम्ही एकाच वर्गात होतो, तेव्हा सरांनी एका पोराचे मार्क चुकीचे लावलेले, मी भर वर्गात बोललो. माफी माग म्हणाले. बॅग उचलली, कॉलेज संपलं. ती म्हणालेली, "बरोबर होतास रे. पण बरोबर असलास की तुझ्या अंगात येतं." त्यानंतर फोन नाही.
आज काका बूट बांधता बांधता, "रविवारी पोरगी येतेय मॅच बघायला."
पुढच्या सगळ्या सर्व्हिस जाळीत.

११ जाने.
हरलो.
अंपायर नसतो. बॉल ज्यांच्या बाजूला पडला त्यांनीच आत की आउट सांगायचं. जोडीदारांत मतभेद झाला तर पॉइंट समोरच्यांना. टायब्रेक, समोरच्यांचा मॅच पॉइंट. काका ओरडले, "आउट!" अगदी मनापासून. त्यांना तसंच दिसलं असणार. मी जवळ होतो, बॉल लाइनवर पडला.
सा. बाकावर, निळा कुर्ता. फक्त गप्प बसायचं होतं यार. फक्त गप्प.
"काका, आत होता!" अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं.
"माझा पार्टनर आहेस की त्यांचा?"
दर वर्षी पहिल्याच राउंडला बाहेर. एकदा तरी पुढे जायचं होतं त्यांना. माझ्याकडे न बघता गेले.
सा. थांबली. "हळू सांगता आलं नसतं?"
"आत होता."
"माहितीये. मलाही दिसला."
एवढंच. बाबांची किट उचलून गेली. केस कापलेत तिने. मी काहीच बोललो नाही त्याबद्दल. गाढव.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन गेलो. काका प्रॅक्टिसला नाहीत. सा. परत गेली असेल. लाडू वॉचमनला दिले.

१८ जाने.
काका आले! बराच वेळ नुसते खेळले. मग पाणी पिताना,
"डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. मोतीबिंदू. सायलीला म्हटलं, हा पोरगा असाच आहे का? तर म्हणाली, कॉलेजपासून असाच आहे. मला तर वाटलेलं तुम्हा दोघांची ओळखच नाही."
मी बॉल गोळा करत राहिलो.
"चल, सर्व्हिस कर."
कॉलेजपासून असाच आहे. सकाळपासून हेच डोक्यात. वैतागून म्हणाली असेल? की हसून? काकांना कसं विचारू, कुठल्या आवाजात म्हणाली ते?