सासूबाईंनी मांडलेले पत्ते

१६ जून, गुरुवार

गेला! न सांगता गेला. पांघरुणाखाली उशी झोपवून गेला — चोवीस वर्षांचा घोडा आणि युक्ती बालवाडीतली! सकाळी कॉफी झाली म्हणून तीनदा हाका मारल्या. उशीला!

दुपारी गल्लीतली बेल्किस धापा टाकत आली. तिचाही पोरगा त्याच होडीत. कार्देनासच्या पुढच्या किनाऱ्यावरून फ्लोरिडाला निघाले म्हणे, शेतातल्या पंपाचं इंजिन होडीला लावून. "तुला माहीत असणार! तू पत्त्यांत बघितलं असशील!" मला वर दोष. मी एप्रिलपासून पत्त्यांना बोट लावलेलं नाही, हे सगळ्या मातान्सासला ठाऊक आहे.

सासूबाईंनी शाळेत भूगोल शिकवायच्या तेव्हाचा नकाशा काढला आणि फ्लोरिडाच्या अलीकडच्या निळ्यावर बोट ठेवून बसल्या.

१७ जून, शुक्रवार

फोन नाही.

१८ जून, शनिवार

फोन नाही. वीज सकाळपासून नाही. मोबाइल बेल्किसच्या भाच्याकडे चार्ज करायला दिला आणि तिथंच बसून राहिले, तो वाजेल म्हणून. परत आणला. वाजला नाही.

एप्रिलमध्ये डोकं भादरून घेतलं, यमायाला स्वतःला वाहून टाकलं, ते कुणासाठी? याच कार्ट्यासाठी! हा एक दिवस पाण्यावर जाणार हे मला दिसत होतं. त्याला पत्ते लागत नाहीत, आई असलं की पुरे. समुद्र तिचा. म्हटलं, मी तिची लेक झाले की ती माझ्या लेकाला सांभाळेल.

म्हणून तर हा सगळा थाट. वर्षभर पांढरे कपडे, अंधार पडल्यावर बाहेर नाही, आरशात बघायचं नाही. जमिनीवर चटई, जेवायला नुसता चमचा. पन्नाशीची बाई मी, आणि गल्लीला मी तान्ही! नेरेइदा हे नावसुद्धा गेलं. "इयावो, ऊन लागेल!" "इयावो, टोपी कुठाय?" इयावो म्हणजे नवी जन्मलेली. आणि नव्या जन्मलेल्या बाईनं पत्ते बघायचे नाहीत. वीस वर्षं ज्यावर घर चाललं, तेच नाही.

"बाळाला काय कळतंय पत्त्यांतलं?" असं तोमासा म्हणाली होती. ती माझी धर्ममाय, तिच्याच हातून मी जन्मले. "बाळानं दूध प्यावं, झोपावं. वर्षाच्या आत पत्त्यांना हात लावलास तर तिनं दिलेलं ती परत घेईल."

तिनं काय दिलंय मला? एक त्याचा जीव. दुसरं काही मागितलंच नव्हतं.

२० जून, सोमवार

तोमासाकडे गेले. तिनं कवड्या टाकल्या. कवड्या म्हणाल्या, थांब.

"थांब म्हणजे? जिवंत आहे का ते विचार."

"विचारलं."

"पुन्हा विचार."

"एकदा सांगितलं की सांगितलं. देव बहिरा वाटला का तुला?"

मी तिच्याच दारात बसून तिला नाही नाही ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. निघताना माझ्या झग्याच्या खिशात दोन आंबे कोंबले आणि टोपी सरळ केली. खरंच तान्ही असल्यासारखी! आंबे वाटेत एका कुत्र्याच्या अंगावर फेकले. कुत्र्याचा काय दोष?

२१ जून, मंगळवार

सासूबाई पावाच्या रांगेत होत्या. मी कपाट उघडलं.

पत्त्यांचा खोका खालच्या फळीवर, नवऱ्याच्या, एव्हेलिओच्या शर्टांखाली. उघडायच्या आधीच रंगाचा वास आला — की मला वाटलं? एव्हेलिओ सिनेमाची पोस्टरं रंगवायचा. टॅरोचा हा कॅट त्यानं लग्नानंतर माझ्यासाठी रंगवला. राजा-राणीच्या जागी आपले देव, आणि देवांना गल्लीतल्यांचे चेहरे. आमचा चांगो म्हणजे कोपऱ्यावरचा सायकलवाला, त्याच्या मिशीसकट. वाटांचा मालक एलेग्वा — तो म्हणजे आमचा ओस्निएल, तेव्हा पाच वर्षांचा, एक दात पडलेला.

झाकणावर हात ठेवला. नुसता ठेवला. उघडलं तर तो जिवंत आहे की नाही ते कळेल. पण उघडलं आणि त्यापायीच तो बुडाला तर?

हात काढून घेतला. मग कपाटाच्या दारावर डोकं आपटलं, दोनदा. भादरलेलं डोकं फार लागतं.

२२ जून, बुधवार

सासूबाईंना विचारलं. दुसरं कोण आहे!

"मी? तीस वर्षं पोरांना शिकवलं की पाऊस देव पाडत नाही, ढग पाडतात. आता म्हातारपणी पत्ते कुटू?"

"मी हात लावणार नाही. लांबून बघणार फक्त. पिसायचे तुम्ही, मांडायचे तुम्ही."

"माझ्या बोटांत संधिवात आहे."

"पत्त्यांना चालतो."

"तुझ्या त्या तोमासाला चालेल का?"

"तिला कोण सांगणार आहे?"

"वा! देवीला फसवायला निघालीस आणि जोडीला घेतेस नास्तिक बाई!" असं म्हणून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी फसवत नाहीये. मी फक्त बघणार आहे.

२३ जून, गुरुवार

सकाळी उठले तर टेबल पुसलेलं. पाण्याचा पेला भरून ठेवलेला. सासूबाई चष्मा लावून बसलेल्या, परीक्षेला बसल्यासारख्या. "एकच अट. मला काही समजावून सांगायचं नाही."

पोराच्या हातचे पत्ते त्यांनी आज पहिल्यांदा हातात घेतले. एव्हेलिओ गेला त्यालाही आता सहा वर्षं होतील. एकेक पान उलटून बघत बसल्या. मी घाई करायचं धाडस केलं नाही. मग एकदम — "हे माझं थोबाड आहे का?" न्यायाच्या पानावर ओबाताला, पांढरे केस, नाकावर चष्मा, हातात छडी. "छडी मी कधी वापरली नाही! खोटारडा!" आणि हसल्या. मग चष्मा पुसत राहिल्या.

मी चटईवरून सांगत गेले, त्या मांडत गेल्या. पानं धड नाहीत. यमाया उलटी आली. शेवटी ओया आली, वाऱ्याची, स्मशानाच्या फाटकावर उभी असते ती.

"पुन्हा मांडा," मी म्हटलं.

"पुन्हा विचारायचं नसतं ना?"

"कवड्यांना. पत्ते बिचारे ऐकून घेतात."

"ही बरी सोय आहे," असं पुटपुटत त्यांनी पुन्हा मांडले. पुन्हा ओया.

२४ जून, शुक्रवार

मांडले. वाईट.

२५ जून, शनिवार

वाईट. एलेग्वा आला, पण पालथा. माझं पाच वर्षांचं पोर डोक्यावर उभं! सासूबाईंनी पान हळूच फिरवून सुलटं केलं. मी ओरडले — असं करायचं नसतं! त्या म्हणाल्या, "पोराला चक्कर येईल." हसू आलं मला. हसू! मी कसली आई आहे?

२६ जून, रविवार

तू पाण्याची मालकीण ना गं? निळे झगे, सात समुद्र, सगळ्यांची आई म्हणवतेस. मग एक पोरगा सांभाळायला तुला काय जड आहे? मी केस दिले. नाव दिलं. आरसा दिला. चमच्यानं घेवडा-भात खाते जमिनीवर. अजून काय हवं? बोल. माझे डोळे घे. हे पाय घे, नाही तरी चालवत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी घे!

हे लिहिलं ते खोडणार नाही. मला खरंच असं वाटलं. बेल्किसच्या पोराचा घे असंही वाटलं, नाव घेऊन.

२७ जून, सोमवार

बेल्किस आली होती. आम्ही दोघी देव पाण्यात घालून बसलेल्या. तिच्या तोंडाकडे मला बघवेना.

सासूबाईंनी मांडले. वाईट. खोका बंद करताना म्हणाल्या, "समुद्राचा प्रवाह तिथून ईशान्येला वाहतो. हे शास्त्र आहे, पत्ते नाहीत. प्रवाह त्यांना तिकडेच नेणार." ही बाई मला धीर देतेय, तिच्या पद्धतीनं. माझा नातू, असं एकदाही म्हणाली नाही या दिवसांत. रडलीही नाही.

२८ जून, मंगळवार

सासूबाई पाव आणायला म्हणून सकाळीच गेल्या, त्या जेवणाची वेळ उलटल्यावर आल्या. हातात पाव नाही. "संपला." पिशवीसुद्धा कुठं तरी विसरून आल्या. डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडल्या.

"आज पत्ते?"

"आज नको."

मी चिडले. तुमचं डोकं दुखतंय, माझा जीव टांगणीला लागलाय, असं बरंच काही बोलले. एरवी एकाला चार ऐकवतात. आज पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

२९ जून, बुधवार

आली! यमाया सुलटी आली! तिच्यापुढे एलेग्वा, वाट मोकळी करून उभा. शेवटी सूर्य! वीस वर्षांत इतकी सुंदर मांडणी मी कुणाला सांगितली नसेल. मी पानांवरून नजर काढेना. सासूबाईच म्हणाल्या, "हे चांगलं आहे ना? सूर्य म्हणजे चांगलंच ना?"

चांगलं! पोचला तो! कुठं तरी किनाऱ्याला लागलाय, फोन नसेल, पकडून ठेवलं असेल, ठेवू देत! मालांगाचे कंद उकडले, लसूण चुरचुरवून वर ओतला. दोन वाट्या खाल्ल्या. सासूबाईंना भूक नव्हती.

३० जून, गुरुवार

पुन्हा यमाया, पुन्हा सूर्य!

फोन मात्र नाही. येईल. बेल्किसला सांगायला गेले. दार बंद, आत रेडिओ चालू. वाजवलं, उघडलं नाही. झोपली असेल बिचारी. सोमवारपासून फिरकली नाही इकडे.

१ जुलै, शुक्रवार

तिसऱ्यांदा तीच पानं.

मी पत्तेवाली आहे. आज बघत राहिले, पानांकडे नाही, हातांकडे. सासूबाई पिसत नाहीत. वरची पानं वरच राहतात, खालची चार-दोन इकडेतिकडे सरकवतात. संधिवाताची बोटं, त्यांना चोरी जमत नाही. भिंतीपलीकडून वीस वर्षं ऐकलंय त्यांनी, कुठलं पान गिऱ्हाईक खूश करतं ते.

बोलले नाही. मला वाईट वाटू नये म्हणून करतेय म्हातारी. करू दे. खोटा का होईना, सूर्य बघायला बरा वाटतो. उद्याही मांडू दे.

पण मंगळवारनंतरच का?

नको. हे मी विचारणार नाही.

२ जुलै, शनिवार

टेबल पुसलेलं नव्हतं. सासूबाई खोका घेऊन खाली आल्या, चटईवर, माझ्याजवळ. गुडघे दुखतात तरी. म्हणाल्या, बेल्किसच्या घरी मंगळवारी फोन आला तेव्हा त्या तिथंच होत्या. तिचा पोरगा वाचला. ओस्निएलला बुडताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं.

मी काय केलं आठवत नाही. त्यांनी मला धरून ठेवलं होतं. बराच वेळ. मग खोका स्वतःच्या मांडीवर उघडला.

"गेलेल्यासाठी कसे मांडतात, नेरेइदा? मला शिकव. या वेळी नीट पिसते."