प्रज्वलच्या नावावरचे शब्द

सोमवार, ३ मार्च
जे, एक्स, पी. आजची अक्षरं. कँटीनबाहेरच्या बोर्डावर एचआरनं लावली — ही तिन्ही ज्यात येतात असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधा, शुक्रवारपर्यंत चिठ्ठी पेटीत टाका. ताट घेऊन रांगेत उभी होते तेवढ्यात सापडला. जक्स्टापोझिशन. तेरा अक्षरं. शेजारी परमनंटची पोरं मोबाईल काढून बसली होती, त्यांना अकराच्या पुढे जाता येईना.

पण चिठ्ठीवर एम्प्लॉयी नंबर लागतो. आम्हा ठेकेदाराच्या माणसांना नंबर नाही, नुसता गेटपास. नऊ वर्षं वायरिंग तपासतेय इथं. बी.ए. इंग्लिश, अंबाजोगाई, फर्स्ट क्लास. कोण विचारतंय.

शुक्रवार, ७ मार्च
क्वालिटीतल्या प्रज्वलला दिली चिठ्ठी. सव्वीसचा आहे, परमनंट आहे, गोड बोलतो. "ताई, शब्द तुमचा, नंबर माझा. डॉक्युमेंटेशनला एक कायम जागा निघतेय, मी एचआरच्या दिव्या मॅडमना तुमचं नाव सांगतो ना." वर चहा पाजला.

त्या जागेसाठीच हे सगळं. ३१ मार्चला ठेकेदार आम्हाला ब्रेक देणार. परत घेईल की नाही, त्याची मर्जी.

सोमवार, १० मार्च
बोर्डावर प्रज्वलचा फोटो. खाली माझा शब्द. जेवणाच्या सुट्टीत टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. मीही वाजवल्या, काय करणार!

नवीन अक्षरं — डब्ल्यू, के, बी. हा शोधावाच लागला नाही. बॅकवर्डनेस, बारा अक्षरं. शाळेपासून स्कॉलरशिपच्या प्रत्येक फॉर्मवर अर्धा भेटत आलाय.

सोमवार, १७ मार्च
परत तोच फोटो. परत टाळ्या. प्लांट हेडनं म्हणे त्याच्या पाठीवर थाप मारली — "वाचन दिसतंय तुमचं." आणि हा लाजला! निर्लज्ज माणसाला लाजताना मी आज पहिल्यांदा बघितलं.

घरी आईला सांगितलं. मातोश्री तानुबाईंनी भाजी निवडता निवडता निकाल दिला — "आयत्या बिळावर नागोबा हाय त्यो. आन् बीळ तूच खांदून देतीस." मी तिच्यावरच खेकसले.

मंगळवार, १८ मार्च
पी, जी, वाय. फोटोग्राफिकली. सोळा. दिली त्याला. का दिली? कारण जागेची नोटीस लागली आहे आणि ठेकेदाराच्या माणसांनाही अर्ज करता येणार आहे. अर्ज हातानं भरायचा होता. दोन पानं भरली. एकही खाडाखोड नाही.

शुक्रवार, २१ मार्च
मुलाखतीला कोण बसणार, कळलं. दिव्या मॅडम आणि — प्रज्वल. त्याचं इंग्रजी चांगलं म्हणून मॅडमनी त्याला घेतलं.
हसावं का रडावं.

सोमवार, २४ मार्च
संध्याकाळी प्रज्वलनं बसपाशी गाठलं मला. चेहरा उतरलेला. या शहाण्यानं माझ्या चिठ्ठ्या स्वतः उतरवूनसुद्धा काढल्या नव्हत्या. माझ्याच कागदावर खाली नाव आणि नंबर टाकून पेटीत. आता मॅडमसमोर माझा अर्ज आला, अक्षर तेच दिसलं आणि त्यांना शंका आली. "ताई, सांभाळून घ्या. मुलाखतीला मी आहेच की."

विनंती होती की धमकी, काळेवाडी येईपर्यंत मला ठरवता आलं नाही. घरी येऊन ठरवलं. उद्या मुलाखतीत सगळं सांगणार. एकेक शब्द, कुठं सापडला, कसा सापडला. होऊ दे काय व्हायचं ते.

मंगळवार, २५ मार्च
लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

मॅडमनी टेबलावर तिन्ही चिठ्ठ्या मांडल्या, शेजारी माझा अर्ज. प्रज्वल खुर्चीत पेनाचं टोपण काढत-घालत होता. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "विजयश्री, हे शब्द कोणाचे?"

नऊ वर्षांत या कंपनीत मला पहिल्यांदा कुणी असं काही विचारलं. तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी काय म्हणाले? "सरांचे. ते सांगायचे, मी लिहून द्यायचे."

माझ्याच तोंडानं. कुणी गळा धरला नव्हता. एकतीस तारीख डोळ्यांपुढं होती, बस.

प्रज्वलनं लगेच मान डोलावली. मॅडमनी चिठ्ठ्या गोळा केल्या. मग जुजबी प्रश्न — शिफ्ट चालेल का, रविवारी याल का. इंग्रजीचा एकही नाही. घरी आईनं विचारलं, "सांगितलंस का खरं?" मी हो म्हणाले. एका दिवसात दोनदा खोटं बोलले.

बुधवार, २६ मार्च
बोर्डाकडे बघितलं नाही. डबा मशीनपाशीच खाल्ला.

शुक्रवार, २८ मार्च
निवड झाली. कायम. प्रज्वलच्या हाताखाली, तपासणीची रजिस्टरं उतरवून काढायला. मॅडम म्हणाल्या, "इंग्रजी समजलं नाही तरी काळजी करू नका. ते प्रज्वल बघतील, तुम्ही फक्त असंच सुवाच्य लिहा."

मी म्हणाले, "थँक्यू मॅडम."