बाबांचा निळा कोट

अटका बेट,
१४ सप्टेंबर १९९९

प्रिय लाव्हरेन्ती,

तुझं पत्र परवाच्या विमानाने मिळालं. इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, वारा थांबायचं नाव घेत नाही, आणि यंदा सॅमन भरपूर मिळाला. तुझ्यासाठी सुकवून ठेवलाय. मार्फाला म्हणावं, आत्या तुझ्यासाठी अलोडिकच्या पुऱ्या तळणार आहे, गरम गरम खायला ये.

तू पाठवलेला कोट बाबांना बसला का, असं विचारलंस. बसला. अगदी मापाचा.

मार्फाला पाणमांजरं बघायची आहेत म्हणतोस. अरे, चर्चच्या पायरीवर बसून आपण ती मोजायचो आणि आकड्यावरून भांडायचो, ते दिवस गेले. आता मारक देवमासे त्यांना खातात. त्यांना खाणारी पाणमांजरं गेली तशी समुद्रतळाची काटेरी अर्चिनं माजली आणि त्यांनी शेवाळाचं रान फस्त केलं. पाणमांजरांना लपायलाही जागा उरली नाही. यंदा खाडीत एकच मादी होती, पोटावर पिल्लू घेऊन.

बाबांनी ठरवलं, तिला उथळ खाजणात न्यायचं. तिथे देवमासा शिरू शकत नाही. पणजोबा शिकारीला नटून जायचे ना? पाणमांजरं मुळात माणसंच, नीटनेटका माणूस दिसला की जवळ येतात, असं मानायचे म्हणून. तसे बाबा रोज तुझा निळा कोट घालून होडीत बसायला लागले.

मी चिडवलं, "बाबा, मुलगी बघायला निघालात की काय?"

"हस तू! मारायला जाताना आपली माणसं नटायची. मी वाचवायला चाललोय, मग मळक्या कपड्यांत जाऊ?"

आणि ती खरंच यायला लागली रे. बाबा अर्चिनं फोडून टाकायचे, ती रोज थोडी पुढे यायची. वल्ह्यावर मी. मलाही आशा वाटायला लागली होती.

खाजणाच्या तोंडाशी उघडं पाणी आहे, तुला माहीत आहे. तिथवर ती बाबांच्या भरवशावर आमच्यामागे आली. देवमासा खालून आला. फारसा आवाजही झाला नाही. पिल्लू तेवढं तरंगत राहिलं, तान्ह्या मुलासारखं रडत. बाबांनी कोट काढून त्यात गुंडाळलं आणि शेगडीपाशी घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी तेही गेलं. चर्चच्या आवारात, आपल्या आईच्या कबरीशेजारी, कोटासकट पुरलं. पाद्रीबाबांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

तेव्हापासून बाबा धड जेवत नाहीत. "मी बोलावली नसती तर जगली असती," एवढंच म्हणतात. मी म्हणते, आज ना उद्या देवमाशाने तिला खाल्लंच असतं. पण लाव्हरेन्ती, मला तरी कुठे खात्री आहे?

काल विचारलं, दुसरा कोट मागवू का? तर म्हणाले, "नको. नटून भेटायला जावं, असं खाडीत आता राहिलंय कोण?"

मार्फाला घेऊन ये. पाणमांजर दाखवता येणार नाही. आजोबा अजून आहेत, तिला ते तरी बघायला मिळू देत. उशीर करू नकोस.

वाट बघणारी,
तुझी ताई आग्राफेना