काळी फीत

४ ऑगस्ट
आणि आईचं तेच तुणतुणं, की मी कुठंच टिकत नाही. सुरतेला डाईंगच्या कारखान्यात चौदा महिने काढले ते काय? इचलकरंजीतनं मी पळून आलो नाही, मालकानंच माग विकले. पण आईला कोण सांगणार. जतच्या स्टँडवर एसटी हलेपर्यंत बोलत होती आणि शेवटी भाकरीचं गाठोडं खिडकीतनं माझ्या अंगावर टाकलं.

म्हणून ही वही घेतली. रोजचं लिहायचं, आणि टिकलो की तिच्यापुढं टाकायची. सातवी पास माणूस कॉलेजात कामाला लागलाय म्हणावं!

काम ऐकून तेजू पोट धरून हसली. तेजस्विनी, माझी धाकटी बहीण, बारावी सायन्स. मंचरच्या पुढं, डोंगराकडं हे कॉलेज आहे, तिथं पॅरामेडिकच्या डिग्रीला तिचा नंबर लागलाय. ॲम्ब्युलन्समध्ये असतात ते, दवाखाना येईपर्यंत माणूस जगवणारे. तिचा फॉर्म भरायला आलो तर सरांनी मलाच विचारलं, काम करणार का? काम काय, तर पेशंट व्हायचं. खाटेवर पडायचं. पोरं-पोरी नाडी बघणार, प्रेशर बघणार, मानेला पट्टा बांधणार. झोपायचा पगार! तेजूच्या फीचा पहिला हप्ता वीस सप्टेंबरला, तो भरायला ती येईल, तोवर घरीच. तोवर जमतंय.

माणसं चांगली आहेत. नाव कुणी विचारलं नाही, सगळे पेशंटच म्हणतात. ए पेशंट, चहा झाला का. खाटेखाली कुणाच्या तरी चपला आहेत. लॅबचे शिपाई सोपानमामा राजुरीचे, ते म्हणाले आधीच्या पेशंटच्या, तो न सांगता गेला. चपला सोडून कसा गेला विचारलं, तर म्हणाले, पावणं, तुमी जेवून घ्या आधी.

९ ऑगस्ट
आज फितींचा धडा झाला. मोठा अपघात झाला की पॅरामेडिक आधी फिती बांधत सुटतो. हिरवी म्हणजे चालता येतंय, पिवळी म्हणजे थांबू शकतो, लाल म्हणजे आधी हा. काळी म्हणजे गेला, पुढं चला. फितीला चिठ्ठी असते, तिच्यावर पहिलं नाव लिहायचं.

वर्ग सुटल्यावर मामांनी पोरांना थांबवलं. सरावातली काळी फीत ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. सोडताना नाडी धरायची आणि माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. पोरं हसली, पण करतात सगळी. मामांनी पूर्वी वीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली. नारायणगावजवळच्या अपघातात त्यांच्या जोडीदारानं घाईत एकाला काळी बांधली. माणूस जिता व्हता, मामा म्हणाले, पण फीत बघितल्यावर त्याच्याकडं परत कोण बघतंय राव?

१३ ऑगस्ट
श्रावणात भीमाशंकरला लई गर्दी, म्हणून कॉलेजनं घोडेगावच्या रस्त्याला खोट्या अपघाताचा सराव ठेवला. जुनी बस, लाल रंगाचं रक्त, आम्ही वीसजण आडवे. हर्षाली नावाची शेवटच्या वर्षाची पोरगी पळत आली, दोन बोटं मानेला लावली न लावली, आणि काळी बांधून पुढं. चिठ्ठीत नाव लिहायची जागा मोकळीच. तेवढ्यात तिची गाडी आली, पुण्याच्या दवाखान्यात महिनाभराची ड्यूटी. पोरगी तशीच गेली.

ऊन डोक्यावर, पोटात कावळे. मी फीत तोडली नि वडापाव खायला गेलो. मामांनी तुटलेली फीत बघितली, विचारलं कुणी सोडली. म्हटलं, मला हात नाहीत का मामा? ते हसले नाहीत.

१८ ऑगस्ट
दुसऱ्या वर्षाच्या पोरांना माझी नाडी सापडेना. सर ओरडले, दाबून धरा, माणूस आहे, कलिंगड नाही. मग सरांनी स्वतः धरली. बराच वेळ धरली. म्हणाले, लई नाजूक आहे याची, आणि विषय बदलला.

बोटाला लावायचं मशीन आकडे दाखवत नाही. सेल बदलले. तरी दोन आडव्या रेघा.

२३ ऑगस्ट
मंचरला जाऊन आलो. कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही, फुकटात गेलो. येताना दुसरा कंडक्टर, त्यानंही नाही. नशीब जोरात आहे म्हटलं.

मेसच्या ठमाबाईंनी सगळ्यांना वाढलं, मला नाही. हाक मारली. त्या माझ्या शेजारच्याला म्हणाल्या, बोलला का रं काय?

२९ ऑगस्ट
स्वतःच बघितली. मनगट. मान. मामांनी शिकवलंय तशी, तीन बोटं, अंगठा नाही. काहीच लागत नाही.
स्टेथोस्कोप छातीला लावला. विहिरीवरची मोटार बंद पडल्यावर असतं तसं शांत.
चहा पिला. चव होती. मग मी—

२ सप्टेंबर
फोन माझं बोट ओळखत नाही. काचेवर उमटतच नाही. मामांच्या टेबलावरच्या जुन्या बटणांच्या फोननं हर्षालीला लावला, फीत तिनं बांधली, तिनंच सोडायची होती. उचलला. मी सगळं सांगितलं, हात जोडून सांगितलं. ती हॅलो हॅलो करत राहिली, शेवटी म्हणाली कोण चावटपणा करतंय.

६ सप्टेंबर
भर दुपारी अनवाणी डांबरावर चाललो. पाय पोळले नाहीत.
माझ्या चपला खाटेखाली, त्या दुसऱ्या जोडीला लागून. मी ठेवल्या नाहीत.

१० सप्टेंबर
वर्ग भरला. खाट रिकामी आहे म्हणून सरांनी रबराचा पुतळा आणला आणि ठेवला— माझ्यावरच. वजन कळलं. ओरडलो.
फक्त मामा थबकले. खाटेकडं बघून म्हणाले, पावणं, हाय का तुमी? पगाराचं पाकीट उशीखाली सारलं. म्हणाले, ती पोरगी यिल. दम धरा.

१९ सप्टेंबर
हर्षाली आली. मामांनी सगळं सांगून तिला खाटेशी बसवलं. ती रडत होती. चाचपत माझं मनगट धरलं— आणि बोटं गरम लागली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काही गरम लागलं. एक ठोका पडला. माझा.

मामा म्हणाले, नाव घे आता.

मामांनी जपून ठेवलेल्या तुटक्या फितीची चिठ्ठी तिनं हातात घेतली. नावाची जागा मोकळी. तिनं मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, आमी कधी इचारलंच न्हाई गं. ऑफिसच्या रजिस्टरात बघितलं, तिथं लिहिलंय— पेशंट, एक.

मी नाव सांगितलं. तिच्या कानात ओरडून सांगितलं. तिनं वर पंख्याकडं बघितलं.
ती पेशंट म्हणाली. पेशंटदादा म्हणाली. ठोका थांबला.

२० सप्टेंबर, सकाळ
तेजू आलीय. ऑफिसबाहेर बाकावर, एकटीच. इथं पेशंटचं काम करतो तो माझा भाऊ, म्हणाली, तर क्लार्क म्हणाला, तो गेला न सांगता, चपला पण टाकून गेला. तेजूनं मान खाली घातली. म्हणाली, दादा कुठंच टिकत नाही हो.

तेजू, मी टिकलोय. लॅबमध्ये, खिडकीजवळच्या खाटेवर. कुठं गेलो नाही.

ही वही तुझ्या पिशवीत सरकवतोय. हर्षाली चारपर्यंत इथं आहे. सोपानमामांना विचार, ते दाखवतील. तिला माझं नाव सांग. बाकी काही नको, फक्त नाव. ती मनगट धरील—

नाव इथंच लिहिणार होतो. सकाळपासून बसलोय. पेन टेकतो आणि पुढं— शाळेत हजेरीला घ्यायचे ते— आई चिडली की ज्या नावानं— मला आता—

तुला माहीत आहे. तुला आहे ना?

हप्ता चुकवू नकोस. सीट जाईल. तू शिक, आणि कुणाच्याही मनगटाला हात लावायच्या आधी त्याला—

पाकीट शेवटच्या पानात आहे. पगार आणि सुरतेची शिल्लक मिळून पाठवतोय, अठरा हजार चारशे—