भट्टीची वही

प्रिय अक्का,

तीन वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम पत्र, म्हणून कपाळाला आठी घालू नकोस. घालायचीच तर शेवटी घाल. इथे प्रयोगशाळेत माझ्या नाकी नऊ आलेत. सरांनी तुझाच प्रयोग माझ्या गळ्यात मारलाय आणि तो पुन्हा करून दाखवल्याशिवाय माझा प्रबंध पुढे सरकायचा नाही. चौदा महिने मी काचेच्या नळ्यांत वायू, पाणी आणि चिमूटभर माती घालून तापवतेय. पृथ्वीवर जीव यायच्या आधी जे काय शिजत होतं, ते शिजवतेय म्हणे! माझी आई फोनवर विचारते, झाला का गं जीव तयार? मी म्हणते, आधी माझा जायची वेळ आलीय.

तुझ्या खिडकीजवळच्या टेबलावर आता मी बसते. आखूड पायाखाली तू घातलेला पुठ्ठा अजून तिथेच आहे. मोजणीचं यंत्र आठवड्यातून दोनदा रुसतं आणि दुरुस्तीवाला दारात आला की शहाण्यासारखं चालायला लागतं. मला तर त्याला लाथ घालावीशी वाटते. चाललं तरी उत्तर एकच, निम्मे डावे, निम्मे उजवे. पहिल्या दिवशी तूच मला हातमोजे दाखवून समजावलं होतंस, की अमिनो आम्लांचे रेणूही असेच डावे-उजवे असतात. जिवंत शरीर डावेच वापरतं, निर्जीव रसायनातून मात्र दोन्ही सारखेच निघतात. आणि तुझ्या निर्जीव नळीत शंभरात एकसष्ट डावे निघाले! सर तेव्हा आठवडाभर जमिनीवर नव्हते.

मग दुसऱ्या दोन प्रयोगशाळांना ते जमलं नाही, आणि तेच सर म्हणाले की तू आकडे घरी बसून लिहिलेस. तू भांडली का नाहीस गं? मुकाट्याने खण रिकामा केलास आणि गेलीस. शाळेत शिकवतेस हे भांडारातल्या काकांकडून कळलं. खरं सांगते, गेलं वर्षभर दर अपयशानंतर मीही तुला मनातल्या मनात लबाड म्हटलंय. स्वतः खोटं बोलून मोकळी झाली आणि निस्तरायला मला ठेवून गेली, असंच वाटायचं.

गेल्या महिन्यात भट्टी बिघडली. नळ्या वापरण्याआधी पाचशे अंशांवर रात्रभर भाजायच्या, हा आपल्याकडचा कडक नियम. पण मी इतकी वैतागले होते की न भाजलेल्या नळ्याच लावल्या. यंत्राने साठ डावे दाखवले. मी आनंदाने ओरडले, आणि लगेच आठवलं, या नळ्या भाजलेल्या नाहीत. भट्टी दुरुस्त झाल्यावर पुन्हा करून पाहिलं. भाजलेली नळी, निम्मे-निम्मे. तशीच भाजलेली, पण आतून उघडा अंगठा फिरवलेली, बासष्ट डावे. आपल्या प्रयोगात आम्लं तयार होतात ती नखाएवढीसुद्धा नाहीत. त्यांच्यावर माणसाच्या घामातली डावी आम्लंच भारी पडतात.

आता पत्र का, ते सांगते. त्या वर्षी मी नवीन होते आणि तुझ्या नळ्या धुऊन भाजायचं काम माझं होतं. भट्टीला कायम रांग. मी नळ्या विसळायची, बोटाने पुसायची, चमचमत्या कागदात गुंडाळायची आणि भट्टीच्या वहीत ‘भाजल्या’ लिहून सही ठोकायची. इतकंसं काय होतंय, असं वाटायचं. शेवटच्या बैठकीत सरांनी तुला विचारलं, नळ्या भाजल्या होत्या ना? तू हो म्हणालीस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी होकाराची मान हलवली. अक्का, तेव्हा मी घाबरले होते आणि नंतर मला विसरायचं होतं. काल सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, झाकली मूठ राहू दे, तुझे निम्मे-निम्मे लिही आणि सुटका करून घे. मी प्रबंधात माझ्या सहीसकट सगळं लिहिलंय आणि ते पान त्या दोन्ही प्रयोगशाळांना आज सकाळीच पाठवून दिलंय. सोबत तुझीही प्रत आहे. तू एकही आकडा खोटा लिहिला नव्हतास. सोमवारी दहाला बैठक आहे, मी ते पान सगळ्यांसमोर वाचणार आहे. तू ये. मला शिव्या द्यायच्या असतील तर तिथेच, सगळ्यांच्या देखत दे.

तुझीच,
धाकटी